पोटाची भाषा

मराठी भाषेने पोटावर जितकी कामे सोपविली आहेत, तितकी शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागावर क्वचितच सोपविली असतील. आपण पोटासाठी देश सोडतो. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दौलतीत आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांनी येऊन घरे बांधली, ती पोटापाण्यासाठीच. दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, लेकराला पोटचा गोळा म्हणतो, तळमळीचे बोलणे पोटतिडिकीचे ठरवितो आणि शेजाऱ्याचे बरे झालेले ज्याला पाहवत नाही, त्याच्या पोटात दुखते असे सांगून मोकळे होतो. मौज अशी की, इतक्या बोलक्या पोटाचा धनी डॉक्टरांपुढे बसला आणि त्यांनी "कुठे दुखते?" असे विचारले, म्हणजे तो सबंध तळहात पोटावरून फिरवून म्हणतो, "इथे. सगळीकडेच." "कसे दुखते?" या पुढच्या प्रश्नाला तर बहुधा उत्तरच मिळत नाही.

हा दुसरा प्रश्न मात्र मोठा मोलाचा आहे. आज सोनोग्राफी आहे, सीटी स्कॅन आहे, दुर्बिणीने आत डोकावण्याची सोय आहे. तरीही यांपैकी कोणती तपासणी करावयाची आणि ती आज करावयाची की आठवड्याने, हे रोग्याच्या तोंडच्या चार शब्दांवरच ठरते.

प्रथम पोट म्हणजे काय ते पाहू. छातीच्या पिंजऱ्याखाली घुमटाच्या आकाराचा स्नायूंचा एक पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. तेथून खाली कटीच्या हाडांपर्यंतची सारी पोकळी म्हणजे उदर. आपण जेवल्यावर ज्या जागेवरून हात फिरवितो, तेथे जठर असते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः जठर बरेच वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असते. उजव्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचे यकृत आणि त्याच्या पोटाशी पित्ताशयाची लहानशी पिशवी. डावीकडे मागच्या बाजूस प्लीहा. हिवतापात ती वाढून हाताला लागू लागली म्हणजे आपल्या आज्या तिला पानथरी म्हणत. जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड. पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडे. उरलेल्या जागेत सुमारे वीस फूट लांबीचे लहान आतडे वेटोळी घालून बसलेले आणि त्याच्या भोवती चौकटीसारखे मोठे आतडे. ओटीपोटात मूत्राशय आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय व बीजकोश. 'ओटीपोट' हा आपला शब्द मला फार आवडतो. शरीरशास्त्राचा इतका अचूक आणि इतका मायेचा शब्द क्वचितच सापडेल.

मेंदूला कवटी आहे, हृदयाला बरगड्यांचे कुंपण आहे. मग इतका ऐवज जेथे भरला आहे, त्या पोटाच्या पुढच्या बाजूला एकही हाड का नसावे? कारण पोटाला फुगावे लागते. भरपेट जेवण सामावून घ्यावयाचे, नऊ महिने गर्भ वाढवावयाचा, प्रत्येक श्वासाबरोबर श्वासपटल खाली उतरले की त्याला जागा करून द्यावयाची, ही कामे हाडांच्या पेटीत होण्यासारखी नाहीत. म्हणून येथे भिंत आहे ती स्नायूंची. कडेला एकावर एक तीन थर, प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेने गेलेले, आणि मध्यभागी वरपासून खालपर्यंत दोन उभे पट्टे. खोकणे, शिंकणे, प्रसूतीच्या वेळी जोर करणे, ओझे उचलणे हे सारे या भिंतीच्या बळावर चालते. गाणेही. ग्वाल्हेरच्या घराण्यात काय किंवा अन्यत्र काय, आपल्याकडील गवई शिष्याला सूर नाभीपासून लाव म्हणून सांगत आले. नाभीत नाद नसतो हे खरे. परंतु श्वास बाहेर सोडताना तो एकदम सुटू न देता जपून सोडण्याचे काम पोटाच्या स्नायूंचे आहे, हेही तितकेच खरे.

या भिंतीत काही जागा जात्याच कच्च्या असतात, बेंबीपाशी आणि जांघेत. तेथून आतड्याचा भाग बाहेर डोकावू लागला म्हणजे त्याला हर्निया म्हणतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आत काय चालते हे जिवंत माणसात प्रथम सविस्तर पाहिले गेले ते एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या, कातड्यांच्या व्यापाऱ्यांकडे नावाडी म्हणून राबणाऱ्या तरुणाला चुकून सुटलेली बंदूक जवळून लागली. तो वाचेल असे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनाही वाटले नव्हते. तो वाचला, पण जखम भरताना जठराला बाहेर उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. बोमाँट यांनी पुढे १८२५ ते १८३३ या काळात त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे आत सोडून, ठरावीक वेळाने बाहेर ओढून, पचन कसे होते ते नोंदले. जठरातला रस बाहेर काढून कुपीत ठेवला तरी तो मांस विरघळवितो, हे त्यांनी दाखविले. रोगी संतापला असता पचन बिघडते, हेही त्यांच्या नोंदींत आहे. १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ वैद्यकात मान्यता पावला. सेंट मार्टिनला मात्र आपल्या पोटाचे हे प्रदर्शन नकोसे झाले होते. तो वारंवार निघून जाई. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी देह मागू नये म्हणून घरच्यांनी तो मुद्दाम कुजेपर्यंत ठेवून मग खोल पुरला. विज्ञानाच्या पुस्तकांत ही दुसरी बाजू बहुधा एका ओळीत उरकतात. ज्या माणसाचे पोट साऱ्या जगाने पाहिले, त्याला स्वतःला काय वाटत होते, हे कोणी फारसे विचारले नाही, असे मला नेहमी वाटते.

सेंट मार्टिनच्या जठराला स्पर्श केला, तरी त्याला फारसे दुखत नसे. येथेच पोटाच्या भाषेचे पहिले गूढ आहे. बोटाला सुई टोचली तर आपण डोळे मिटूनही नेमकी जागा सांगू. आतड्याला मात्र कापले किंवा भाजले तरी ते कळत नाही. दुर्बिणीने मोठ्या आतड्यातला मांसाचा कोंब कापून काढतात, तेव्हा रोग्याला त्या कापण्याची वेदना होत नाही. आतड्याला दुःख होते ते ताणल्याने, आवळल्याने, रक्तपुरवठा तुटल्याने आणि सूज आल्याने. शिवाय आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी असून त्या आपला बराचसा कारभार मेंदूला न विचारता चालवितात. भीतीने पोटात गोळा येणे आणि परीक्षेच्या सकाळी पोट ढवळणे या गोष्टी केवळ काव्य नव्हेत. या मज्जातंतूंचा आणि मेंदूचा संवाद दोन्ही बाजूंनी अखंड चालू असतो. परंतु मेंदूकडे जाणारी वेदनेची वार्ता अंधुक असते. जणू गावाचे नाव सांगितले, पण आळीचा पत्ता नाही.

म्हणूनच वेदनेची जात महत्त्वाची, आणि येथे आपली मराठी किती श्रीमंत आहे ते पाहावे. कळ आणि मुरडा हे शब्द येऊन जाणाऱ्या वेदनेचे आहेत. पोकळ नळी अडथळ्याशी झगडत असते, आवळते, थकते, पुन्हा आवळते. तिची वेदना लाटेसारखी येते. अशा वेळी माणूस गडबडा लोळतो, उठतो, येरझाऱ्या घालतो. ठणका ही सतत चालणारी, ठोके देणारी वेदना. तिच्या मुळाशी बहुधा सूज किंवा पू असतो. जळजळ निराळी, तडस लागणे निराळे, गुबारा धरणे निराळे, मळमळ आणि डचमळ पुन्हा निराळी. आणि जेव्हा साऱ्या पोटाच्या अस्तराला, म्हणजे उदरावरणाला, सूज येते, तेव्हा माणूस लोळत नाही. तो निपचित पडून राहतो, कारण हलले, खोकले, खाटेला कोणाचा धक्का लागला तरी त्याच्या पोटात सुरी फिरते. त्याचे पोट फळीसारखे ताठ झालेले असते. लोळणारा रोगी आणि न हलणारा रोगी हा भेद घरातल्या कोणालाही दिसण्यासारखा आहे, आणि न हलणाऱ्याच्या बाबतीत एक तासही दवडणे धोक्याचे आहे.

दुसरे गूढ जागेचे. अपेंडिक्स, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभी लोंबणारे करंगळीएवढे शेपूट, उजव्या ओटीपोटात असते. परंतु ते सुजले म्हणजे पहिल्यांदा दुखते बेंबीभोवती. गर्भावस्थेत आतडे मध्यरेषेवर तयार होते आणि त्याचे मज्जातंतू तीच जुनी जागा सांगत राहतात. काही तासांनी सूज बाहेरच्या अस्तराला भिडली म्हणजे वेदना खाली उजवीकडे सरकते. मूतखड्याची कळ पाठीच्या बाजूने निघून जांघेकडे उतरते. स्वादुपिंडाची वेदना आरपार पाठीत जाते. पित्ताशय बिघडलेले असता उजवा खांदा दुखू शकतो, कारण श्वासपटलाचे मज्जातंतू मानेतून निघतात. "आधी कुठे दुखत होते आणि आता कुठे?" असे डॉक्टर विचारतात, ते उगीच नव्हे.

या सरकणाऱ्या वेदनेचा अर्थ वैद्यकाला फार उशिरा लागला. १८८६ मध्ये अमेरिकेत रेजिनल्ड फिट्झ यांनी या रोगाचे मूळ अपेंडिक्समध्ये आहे असे दाखवून त्याला नाव दिले. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्यारोहण समारंभ २६ जून १९०२ ला ठरला होता. हिंदुस्थानातून राजेरजवाडे लंडनला पोहोचले होते. दोन दिवस आधी, २४ जूनला, सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना राजाच्या पोटातला पू काढावा लागला आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. ज्या ट्रीव्ह्जनी राजाला वाचविले, त्यांची स्वतःची अठरा वर्षांची कन्या दोनच वर्षांपूर्वी याच विकाराने गेली होती.

त्या काळी पोटदुखीवर सर्रास दिले जाणारे औषध म्हणजे रेचक. आपल्याही घरांत रविवारी सकाळी मुलांना रांगेत बसवून एरंडेल पाजण्याची चाल होती. निरोगी मुलाचे त्याने फारसे बिघडले नाही. परंतु अपेंडिक्स सुजलेले असताना एरंडेल दिले तर आतडे जोराने आवळते आणि नासलेले अपेंडिक्स फुटू शकते. माळव्यात 'नाभी खिसकली' आणि मराठी घरांत 'बेंबी सरकली' म्हणून पोट जोराने चोळून घेण्याचा प्रघात अजूनही आहे. बेंबी हा नाळेचा व्रण आहे. तो सरकत नाही. ज्या पोटात सूज आहे, ते मात्र चोळल्याने अधिक बिघडते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक वृद्ध बाई, मूळ बेळगावच्या, मुलाकडे हैदराबादला राहत होत्या. एका संध्याकाळी त्यांचे पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या. मुलगा दौऱ्यावर, सूनबाई कचेरीत. महाविद्यालयात शिकणारी नात त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. आजी सांगत होत्या, "बाळ, कळ मुरडून येते आणि जाते बघ. कालपासून वाराही सरला नाही." नातीला मराठी येते, घरातले बोलणे सगळे समजते, पण कळ, मुरडा, वारा सरणे हे शब्द तिच्या कानांना नवे. तिने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितले की, आजीचे पोट दुखते, गॅस झाला आहे. डॉक्टरांनी पित्तशामक औषध दिले आणि घरी पाठविले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागले. तेथली रात्रपाळीची परिचारिका नांदेडकडची होती. आजींचे बोलणे ऐकताच ती थबकली. तिने पडदा ओढून घेतला आणि हळूच विचारले, "आजी, जांघेत कुठे गाठ लागते का हाताला?" आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मान हलविली. सुपारीएवढी गाठ वर्षभरापासून होती. झोपले की आत जायची, कालपासून जात नव्हती. सुनेला सांगितली नव्हती, लेकाला तर सांगणे शक्यच नव्हते. डॉक्टरांनी उपचाराला पुरुष शिकाऊ डॉक्टर पाठविला, तेव्हा लुगड्याचा काठ त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. त्या गाठीत आतड्याचे वेटोळे अडकले होते. जांघेतला या जातीचा हर्निया पुरुषांपेक्षा स्त्रियांत, विशेषतः उतारवयात, अधिक आढळतो आणि तो फार लवकर आवळला जातो. त्या रात्रीच शस्त्रक्रिया झाली. वीतभर आतडे काळे पडले होते, ते कापावे लागले. आजी वाचल्या, आणखी पाच वर्षे जगल्या.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांनी जे ऐकले त्यावर औषध दिले, जांघ तपासली असती तर बरे झाले असते इतकेच. नातीलाही दोष नाही. तिच्याजवळ जो शब्द होता तो तिने वापरला. माझी तक्रार आहे ती त्या 'गॅस' या शब्दाबद्दल. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या एका शब्दाने आपल्या घरातले पाच-पंचवीस शब्द गिळून टाकले आहेत. कळ आली तरी गॅस, ठणका लागला तरी गॅस, छातीखाली दडपल्यासारखे झाले तरी गॅसच. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक आहे. हृदयविकाराचा झटका कित्येकदा वरच्या पोटात दुखण्याने सुरू होतो. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेह्यांत तर विशेषच. घाम सुटला आहे, श्वास लागला आहे, डाव्या हाताला किंवा जबड्याला मुंग्या आहेत, आणि घरातली मंडळी सोडा घोटून देत आहेत, असे घडते.

दुसरा तसाच सैल शब्द 'ॲसिडिटी'. जठराचा व्रण तिखटाने आणि चिंतेने होतो, अशी समजूत डॉक्टरांचीही होती. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये एका जिवाणूचे द्रावण स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. बहुतेक व्रणांच्या मुळाशी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे नंतर मान्य झाले आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा मिरचीला फार शिव्या देऊ नयेत. तिने जळजळ वाढते, व्रण होत नाही. गुडघेदुखीवर वर्षानुवर्षे उपाशीपोटी गोळ्या घेणाऱ्या काकूंनी मात्र काळी, डांबरासारखी शौचास झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरगुती उपायांची ही निंदा नव्हे. ओवा, हिंग, ताक यांनी साध्या अपचनाला आराम पडतो. १९७१ च्या बांगला युद्धाच्या वेळी सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे द्रावण संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून नातलगांच्या हाती दिले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरातून ४ च्या खाली आले. लहान आतडे साखरेबरोबर मीठ आणि त्यामागून पाणी ओढून घेते, या एका गुणधर्माचा तो प्रताप. जुलाब झालेल्या मुलाला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरातच देता येते. अट इतकीच की, कोणते पोट घरात ठेवावयाचे आणि कोणते नाही, हे कळले पाहिजे.

जे दुखणे सहा तासांत ओसरत नाही. ज्यात पोट ताठ होते किंवा फुगून मल आणि वारा दोन्ही बंद होतात. उलटी हिरवी होते किंवा तिच्यात रक्त दिसते. जांघेतली किंवा बेंबीची गाठ आत जाईनाशी होते. मासिक पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एकाएकी दुखून तिला घेरी येते. तेथे ओवा नको, एरंडेल नको, खाणेपिणेही नको. सरळ रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया करावी लागली तर रिकामे पोट बरे. आणि सुनांनी सासूबाईंना, लेकींनी आईला, गाठीबिठीची चौकशी आपणहून करावी. त्या पिढीच्या बायका अशी गोष्ट स्वतः होऊन सांगत नाहीत.

आपण परभाषकांत राहतो, तेव्हा आणखी एक करावे. दूरध्वनीच्या वहीत शेवटच्या पानावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे शब्द आणि त्यांच्यासमोर गावच्या भाषेतले शब्द लिहून ठेवावेत. मुरडा म्हणजे हिंदीत 'मरोड़', गुजरातीत 'चूंक'. ओटीपोट हिंदीत 'पेडू', कन्नडमध्ये 'किब्बोट्टे', तेलुगूत 'पोत्ति कडुपु'. साधी पोटदुखी कन्नडमध्ये 'होट्टे नोवु', तेलुगूत 'कडुपु नोप्पी'. बेळगावकरांनी एवढे सांभाळावे की, छातीतली जळजळ म्हणजे 'एदेयुरि'. 'होट्टेकिच्चु' म्हणून बसलात तर ऐकणारा हसेल, कारण कन्नडमध्ये तो मत्सर झाला. तेलुगूत 'कडुपुमंट' म्हणजेही तेच. शेजाऱ्याचे बरे झाले की पोटातच काहीतरी होते, याबाबत आपल्या तिन्ही भाषांचे एकमत दिसते.